जुनी राइड सुधारावी की पाडून नवी उभारावी: निर्णय कसा घ्यावा

फ्लोरिडातील वॉल्ट डिस्ने वर्ल्डच्या मॅजिक किंगडम उद्यानात एक गोल नाट्यगृह आहे. तेथे रंगमंच जागेवर स्थिर असतो आणि प्रेक्षकांनी भरलेली सहा दालने त्याच्याभोवती फिरतात. मराठी रंगभूमीवर साठच्या दशकात फिरता रंगमंच आला आणि प्रेक्षकांनी त्याचे मोठे कौतुक केले. येथे मात्र नाटक जागच्या जागी आणि प्रेक्षक फिरता, असा उलटा प्रकार आहे. 'कॅरोसेल ऑफ प्रोग्रेस' हे त्याचे नाव. १९६४ च्या न्यू यॉर्क जागतिक प्रदर्शनात जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या दालनासाठी ते तयार झाले, १९६७ मध्ये कॅलिफोर्नियातील डिस्नेलँडमध्ये आले, १९७३ मध्ये तेथे बंद झाले आणि १९७५ पासून फ्लोरिडात आहे. एका अमेरिकन घरात वीज आणि यंत्रे कशी शिरली, हे यांत्रिक बाहुले चार प्रसंगांतून सांगतात. पहिला प्रसंग विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावरचा, दुसरा १९२० च्या दशकातला, तिसरा १९४० च्या दशकातला आणि चौथा 'आजचा' आहे. हा 'आज' १९९३ मध्ये बसवलेला आहे. त्यात आजी आभासी वास्तवाचा खेळ खेळते, तोंडी हुकूम ऐकणारी भट्टी खेळातले गुण ऐकून गोंधळते आणि नाताळचे जेवण करपते. मोटारीतला फोन आणि लेझर डिस्क नावाची चित्रपटांची तबकडी यांचे घरातल्या मंडळींना अप्रूप वाटते. समोर बसलेल्या मुलांनी मात्र लेझर डिस्क कधी पाहिलेलीच नसते.

जगातल्या जवळजवळ प्रत्येक जुन्या थीम पार्कमध्ये अशी एखादी राइड असते, जिच्यापुढे फारशी रांग नसते, पण तिला हात लावायचा म्हटले की लोक कळवळतात. हा प्रश्न आपल्यापासूनही फार दूर नाही. गोराईचे एस्सेलवर्ल्ड १९८९ मध्ये आणि खोपोलीजवळचे इमॅजिका २०१३ मध्ये सुरू झाले. त्यांच्या आठवणी सांगणारी पिढी आता स्वतःच्या मुलांचा हात धरून अशा उद्यानांत जाते. परंतु अशा निर्णयाचे बरेवाईट परिणाम पन्नास-साठ वर्षे तपासता येतील इतका अनुभव मुख्यतः अमेरिकेत आणि युरोपात जमा झालेला असल्याने येथील उदाहरणे तिकडची आहेत. उद्यान चालवणारे, राइडची रचना करणारे आणि या क्षेत्राचा अभ्यास करणारे विद्यार्थी यांना पुढची रीत उपयोगी पडावी. एक गोष्ट आरंभीच स्पष्ट करणे बरे. जुनी राइड सुधारणे योग्य ठरू शकते आणि ती पाडणेही योग्य ठरू शकते. जवळजवळ नेहमी फसते ती तिसरी वाट, म्हणजे नाव आणि इमारत तशीच ठेवून आतला जीव काढून घेणे.

आधी गाभा लिहून काढावा

कोणताही आराखडा काढण्यापूर्वी, कोणत्याही कंत्राटदाराला बोलावण्यापूर्वी, ही राइड म्हणजे नेमके काय आहे, हे एका वाक्यात लिहावे. हे काम दिसते तितके सोपे नाही, कारण कार्यालयात बसून लिहिलेले वाक्य बहुधा जाहिरातीसारखे होते. त्यासाठी बाहेर पडण्याच्या दाराशी उभे राहावे आणि येणाऱ्या कुटुंबांना 'आवडले का?' असे न विचारता 'आत काय झाले?' असे विचारावे. सांगणाऱ्याच्या तोंडून जी गोष्ट पहिल्यांदा निघते तिची नोंद करावी. मग तेथे वर्षानुवर्षे काम करणाऱ्या कर्मचाऱ्यांना विचारावे की कोणत्या क्षणी सगळ्या माना एकदम वळतात, लहान मुले कोठे आईचा हात घट्ट धरतात आणि कोठे लोक घड्याळाकडे पाहू लागतात. शेवटी वीस-पंचवीस वर्षांपूर्वी ही राइड पाहिलेल्या, पण त्यानंतर न आलेल्या माणसांना गाठावे. इतक्या वर्षांनंतरही त्यांच्या मनात जे उरले आहे आणि आज पहिल्यांदा आलेल्या मुलाला जे सांगावेसे वाटते, ते जेथे जुळते तेथे गाभा असतो.

डिस्नेलँडमधील 'पायरेट्स ऑफ द कॅरिबियन' मार्च १९६७ मध्ये खुली झाली. अंधारातून संथ नावेत बसून जात असताना समुद्री चाच्यांनी लुटलेले, जळते गाव दोन्ही बाजूंना पाहणे हा तिचा गाभा. १९९७ मध्ये बायकांच्या मागे धावणाऱ्या चाच्यांचा प्रसंग बदलला, २००६ मध्ये याच राइडवरून निघालेल्या चित्रपटांतला नायक आत आला आणि २०१८ मध्ये बायकांच्या लिलावाचा प्रसंग काढून त्यातल्या एका स्त्रीलाच चाचा बनवण्यात आले. प्रत्येक बदलावर वाद झाला आणि त्यातल्या काही आक्षेपांत तथ्यही होते. पण नौका, अंधार, गाणे आणि आग कायम राहिली, म्हणून राइडही राहिली.

याच्या उलट फ्लोरिडातील 'टिकी रूम'चे झाले. एका खोलीत बसलेल्या माणसांच्या डोक्यावर चहूबाजूंनी पक्षी, फुले आणि लाकडी मुखवटे गाऊ लागतात, एवढाच या खेळाचा गाभा आहे; डिस्नेलँडमधला मूळ खेळ १९६३ चा आहे आणि यांत्रिक बाहुल्यांच्या या कलेचा आरंभ तेथूनच मानला जातो. १९९८ मध्ये फ्लोरिडाच्या प्रयोगात चित्रपटांतले दोन पक्षी 'नवे मालक' म्हणून आणले गेले आणि त्यांनी जुन्या खेळाची रटाळ म्हणून टिंगल करावी, अशी संहिता लिहिली गेली. जी गोष्ट पाहायला लोक आले, तिलाच रंगमंचावरून नावे ठेवणारा खेळ फार प्रेम मिळवू शकला नाही. जानेवारी २०११ मध्ये तेथे आग लागली आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये दार पुन्हा उघडले तेव्हा नवे मालक गेले होते आणि मूळ खेळ थोडा आटोपशीर होऊन परतला होता. जुन्या संगीत नाटकांचे पुनरुज्जीवन पाहिलेल्या माणसाला हे लगेच उमगेल. पाच अंकी, रात्रभर चालणारे नाटक अडीच तासांत बसवता येते, पुनरुक्ती गाळता येते, पदांचे आलापही आवरता येतात. पण पदेच काढून टाकली तर प्रेक्षक कशासाठी बसावा?

गाभा सापडला की उरलेल्या गोष्टींचे दोन ढीग करावेत. इमारत, रूळ, नावा, मोटारी, नियंत्रणयंत्रणा हा सांगाडा. बाहुले, पोशाख, संवाद, रंग, प्रकाशयोजना हा साज. पुढचे सगळे निर्णय या तिघांचा एकमेकांशी मेळ कसा आहे, यावर अवलंबून असतात.

सांगाड्याची वही वेगळी ठेवावी

'राइड जुनी झाली' या एका वाक्यात दोन वेगळ्या तक्रारी दडलेल्या असतात. यंत्र थकले, ही एक. गोष्ट शिळी झाली, ही दुसरी. या दोन्हींची नोंद एकाच वहीत केली की यंत्राच्या दुखण्यावर गोष्ट बदलण्याचा इलाज होतो आणि शिळ्या गोष्टीसाठी चांगले यंत्र मोडीत जाते.

यंत्राच्या वहीत किमान दोन-तीन हंगामांची प्रत्येक दिवसाची नोंद हवी: राइड किती वेळ बंद होती, कोणत्या कारणाने, दुरुस्तीला किती माणसे लागली, सुटा भाग बाजारात मिळाला की कारखान्यात घडवून घ्यावा लागला. बिघाड एकाच ठिकाणी पुन्हा पुन्हा होत असेल तर तो भाग बदलून भागते. तो दर वेळी नव्या ठिकाणी होत असेल, तर सांगाडाच संपत आला आहे, असे समजावे. ज्या कारखान्याने मूळ यंत्र बनवले तो अजून चालू आहे का, मूळ नकाशे हाताशी आहेत का, नियंत्रणाची जुनी यंत्रणा उलगडून सांगू शकणाऱ्या तंत्रज्ञांच्या निवृत्तीला किती वर्षे उरली आहेत, हेही त्याच वहीत लिहावे. आग लागल्यास, वीज गेल्यास लोकांना बाहेर काढण्याच्या वाटा आजच्या नियमांत बसतात का आणि चाकाच्या खुर्चीवरून आलेल्या माणसाला आत जाता येते का, हे स्वतंत्र तज्ज्ञाकडून तपासून घ्यावे. अमेरिकेत अपंग नागरिकांच्या हक्कांचा कायदा १९९० मध्ये झाला. त्याआधी बांधलेल्या राइड्सच्या अरुंद वाटा आणि उंच पायऱ्या त्या काळी कोणाला खटकल्या नव्हत्या.

गाभा जिवंत आणि सांगाडा मेलेला, अशी स्थिती आढळली तर डिस्नेलँडच्या 'स्पेस माउंटन'कडे पाहावे. काळोखात ताऱ्यांमधून धावणारी ही रोलरकोस्टर १९७७ मध्ये सुरू झाली, एप्रिल २००३ मध्ये बंद झाली आणि उद्यानाच्या पन्नासाव्या वर्षी, जुलै २००५ मध्ये, पुन्हा उघडली. मधल्या दोन वर्षांत आतला रूळ काढून नवा बसवण्यात आला, मात्र त्याची वळणे जुनीच ठेवण्यात आली. माझ्या मते हा या क्षेत्रातला सर्वांत समंजस निर्णयांपैकी एक आहे, कारण त्यावर झालेला बहुतेक खर्च प्रेक्षकाला दिसतच नाही. मंदिराच्या जीर्णोद्धारात पाया आणि शिखर बदलले तरी मूर्ती तीच असते, तसे हे काम आहे. टोकियोतील स्पेस माउंटनच्या बाबतीत वेगळे ठरले: १९८३ ची ती राइड जुलै २०२४ मध्ये बंद करण्यात आली आणि इमारतीसह नवी उभारून २०२७ मध्ये उघडण्याचे जाहीर झाले.

काही राइड्समध्ये सांगाडा हाच गाभा असतो, आणि हे ओळखायला चुकता कामा नये. कोपनहेगनच्या तिवोली उद्यानातील १९१४ ची लाकडी रोलरकोस्टर अजून चालते आणि तिच्यावर आजही एक माणूस बसून हाताने ब्रेक लावतो. न्यू यॉर्कच्या कोनी आयलंडची 'सायक्लोन' १९२७ ची आहे. सत्तरच्या दशकात ती पाडण्याचे घाटत होते, ती वाचली आणि १९८८ मध्ये शहराने तिला वारसावास्तूचा दर्जा दिला. अशा राइडला गुळगुळीत करणे म्हणजे तिला संपवणे होय. तेथे एकच मार्ग उरतो: फळी कुजली की तशीच फळी, खिळा झिजला की तसाच खिळा, दर हिवाळ्यात थोडे थोडे आणि कधीही न थांबता.

याउलट नुसत्या विक्रमासाठी उभारलेल्या राइडचा गाभा लवकर आटतो. २००३ मध्ये ओहायोत ४२० फूट उंचीची 'टॉप थ्रिल ड्रॅगस्टर' आणि २००५ मध्ये न्यू जर्सीत ४५६ फूट उंचीची 'किंगडा का' सुरू झाली. दोन्ही एकाच कारखान्याच्या आणि दोन्हींत तेलाच्या दाबावर चालणारी, तारेने गाडी फेकणारी यंत्रणा होती, जी सांभाळणे अतिशय अवघड जाते. ओहायोतील उद्यानाने मनोरा ठेवला, यंत्रणा चुंबकीय केली आणि २०२४ च्या मे महिन्यात ती नव्या रूपात उघडली. पण गाड्यांमधल्या दोषामुळे काही दिवसांतच ती बंद करावी लागली आणि उरलेला हंगाम बुडाला. न्यू जर्सीतील उद्यानाने २०२४ मध्ये राइड बंद केली आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये सुरुंग लावून पाडली. दोन सख्ख्या बहिणींसारख्या यंत्रांबाबत घेतलेले हे दोन निर्णय. जुन्या मनोऱ्यावर नवे यंत्र बसवताना पहिला हंगाम गेलाच, असे धरून हिशेब करावा, एवढा बोध तरी ओहायोच्या अनुभवातून घेता येतो.

जुन्या सांगाड्यावर वेगळ्याच स्वभावाची राइड चढवण्याचा मोह विशेष आवरावा. डिस्नेलँडमध्ये 'पीपलमूव्हर' नावाची संथ, उंचावरून फिरणारी गाडी १९६७ पासून १९९५ पर्यंत चालली. तिच्याच मार्गावर १९९८ मध्ये 'रॉकेट रॉड्स' ही वेगवान राइड आणली गेली. मूळ मार्ग संथ गाडीसाठी असल्याने वळणांवर त्याला आतल्या बाजूला उतार दिलेला नव्हता. परिणामी प्रत्येक सरळ भागात वेग घ्यायचा आणि प्रत्येक वळणाआधी ब्रेक लावायचा, असे सुरू झाले. बिघाड वाढले आणि २००० मध्ये राइड बंद पडली. तो मार्ग उद्यानावरून आजही रिकामा जातो. नवी राइड तर गेलीच, शिवाय जुनी परत आणण्याची सोयही गेली.

याच संदर्भात एक गंभीर गोष्ट सांगितली पाहिजे. कॅरोसेल फ्लोरिडाला गेल्यावर डिस्नेलँडमधल्या त्याच फिरत्या इमारतीत १९७४ मध्ये 'अमेरिका सिंग्ज' हा गाण्यांचा खेळ सुरू झाला, आणि दहा दिवसांच्या आत फिरती भिंत व स्थिर भिंत यांच्यामध्ये सापडून तेथील एका तरुण कर्मचारी मुलीचा मृत्यू झाला. नंतर धोक्याचे दिवे बसवले गेले आणि धक्का लागताच निखळतील अशा भिंती केल्या गेल्या. जुन्या यंत्रात नवा खेळ बसवताना, यंत्र इतकी वर्षे विनातक्रार चालले, हा सुरक्षिततेचा पुरावा मानू नये. प्रत्येक कर्मचारी कोठे उभा राहणार, त्याला काय दिसणार, काय दिसणार नाही, याची तपासणी राइड पहिल्यांदाच उघडत असल्यासारखी करावी.

'आज' आधी शिळा होतो

आता गोष्टीची वही. पानाच्या डावीकडे प्रत्येक प्रसंग आणि उजवीकडे तो कोणत्या काळाबद्दल बोलतो, असे लिहीत गेले तर एक विलक्षण गोष्ट लक्षात येते. भूतकाळ दाखवणारे प्रसंग फारसे शिळे होत नाहीत, कल्पित जग तर जवळजवळ होतच नाही. शिळा होतो तो वर्तमान, आणि त्याहून वेगाने भविष्यकाळ. कॅरोसेलमधला १९२० च्या दशकातला स्वयंपाकघराचा प्रसंग १९६४ मध्ये जितका जुना होता, तितका आज अधिकच जुना आणि म्हणून अधिकच रम्य आहे. चौथा प्रसंग मात्र त्याच्या जन्मापासून पुन्हा पुन्हा बदलावा लागला.

त्यामुळे 'कॅरोसेल ठेवावे की काढावे?' हा प्रश्नच चुकीचा मांडलेला आहे. गाभा म्हणजे एकच कुटुंब, आपल्या डोळ्यांदेखत बदलणारे घर, प्रसंगांच्या मधोमध गीतकार शर्मन बंधूंनी रचलेले उद्याच्या आशेचे गाणे आणि आपण बसलेली जमीनच हळूच सरकते तो क्षण. तो शाबूत आहे. सांगाडा जुना, पण त्याची कल्पना अजून निर्दोष आहे. आजारी आहे तो साजाचा एक चतुर्थांश भाग. अशा वेळी तीन वाटा असतात. पहिली, दर आठ-दहा वर्षांनी चौथा प्रसंग नव्याने करायचा आणि त्यासाठी पैसा आजच बाजूला ठेवायचा. दुसरी, तो १९९० च्या दशकाचा प्रसंग म्हणूनच उघडपणे जाहीर करायचा, म्हणजे लेझर डिस्क चूक न राहता आठवण होईल. तिसरी, शेवट असा लिहायचा की त्यात यंत्रांची नावेच येणार नाहीत: सणाचा दिवस, घरात जमलेली तीन पिढ्यांची माणसे, कोणीतरी दूरदेशी असलेले आणि तरीही बोलण्यात सामील झालेले.

मला दुसरी आणि तिसरी वाट एकत्र जोडावीशी वाटते. नव्वदच्या दशकाचा प्रसंग आवरून ठेवावा आणि शेवटी एक छोटा, यंत्रांची नावे न घेणारा भाग जोडावा. पहिली वाट कागदावर सर्वांत चांगली दिसते, पण तिच्यासाठी दर दशकात पैसा देणारा कोणी तरी लागतो, आणि नेमके तेथेच घोडे अडते. जनरल इलेक्ट्रिकचे प्रायोजकत्व १९८५ मध्ये संपले. याच कंपनीच्या साहाय्याने १९८३ मध्ये फ्लोरिडातील डिस्नेच्याच एपकॉट उद्यानात कॅरोसेलचा पुढचा भाग म्हणावा अशी 'होरायझन्स' नावाची भविष्याची सफर उघडली होती. तेथील प्रायोजकत्व १९९३ मध्ये संपले आणि जानेवारी १९९९ मध्ये ती राइड कायमची बंद झाली. तिच्या जागी २००३ मध्ये 'मिशन: स्पेस' आली. भविष्य दाखवण्याचे काम हाती घेणाऱ्या उद्यानाने प्रायोजकाच्या कराराची मुदत आणि गोष्ट शिळी होण्याची मुदत या दोन तारखा शेजारी शेजारी लिहून पाहाव्यात.

मजकूर शिळा नव्हे, चुकीचा असेल तर

काही वेळा तक्रार शिळेपणाची नसते. गोष्टीतच कोणाचा तरी अपमान असतो. तेव्हा विचारायचे ते एवढेच, की अपमान साजात आहे की गाभ्यात. पायरेट्समधला लिलाव साजात होता, म्हणून तो प्रसंग बदलून भागले. १९८९ च्या 'स्प्लॅश माउंटन'ची अडचण अधिक खोल होती, कारण तिची पात्रे १९४६ च्या अशा चित्रपटातून आली होती, ज्यातले कृष्णवर्णीयांचे चित्रण इतके आक्षेपार्ह मानले गेले की अमेरिकेत तो घरी पाहण्यासाठी कधी विक्रीलाच आला नाही. पण लोकांच्या मनात तिचा गाभा काय होता? पाण्यातून रमतगमत जाणारा ओंडका आणि शेवटची सुमारे पन्नास फुटांची उडी. म्हणून २०२३ मध्ये दोन्ही अमेरिकन उद्यानांत ती बंद झाली, पाण्याचा मार्ग आणि उडी ठेवून गोष्ट पूर्णपणे बदलली गेली आणि २०२४ मध्ये 'टियानाज बायू अ‍ॅडव्हेंचर' उघडली. हा निर्णय मला योग्य वाटतो. मात्र अशा बदलात एक धोका असतो. जुन्या गोष्टीत उडीला कारण होते, पकडल्या गेलेल्या सशाची सुटका त्या उडीत होती. नव्या गोष्टीनेही उडीला तितकेच घट्ट कारण द्यावे लागते, नाहीतर प्रेक्षक ओला होतो, पण का, ते त्याला कळत नाही.

रांग पाहून लोकप्रियता ठरवू नये

प्रतीक्षेचे फलक पाहून 'येथे कोणी येत नाही' असे म्हणणारे व्यवस्थापक पुष्कळ असतात. कॅरोसेलच्या एका दालनात सुमारे २४० आसने आहेत आणि साधारण चार मिनिटांनी दालन पुढे सरकते. म्हणजे तासाला पंधरा वेळा २४०, एकूण सुमारे ३,६०० माणसे बसू शकतात. इतकी क्षमता असलेल्या ठिकाणी हजारो माणसे येऊनही बाहेर रांग दिसत नाही. रांग ही मागणी आणि क्षमता यांची वजाबाकी असते, हे विसरले की तासाला हजार माणसे घेणारी नवी राइड दोन तासांच्या रांगेमुळे यशस्वी वाटते आणि तिच्या तिप्पट माणसे घेणारी जुनी राइड ओसाड वाटते. म्हणून रांगेऐवजी आसने मोजावीत: दिवसाच्या प्रत्येक तासाला किती भरली, उन्हाच्या आणि पावसाच्या वेळी किती भरली, त्यात आजी-आजोबा आणि तान्ही मुले किती होती. जेथे तीन पिढ्या एकत्र बसू शकतात, गारव्यात वीस मिनिटे पायांना विसावा देऊ शकतात, अशी जागा नाहीशी झाली तर ती गर्दी रस्त्यावर येते आणि इतर राइड्सच्या रांगा वाढवते. हा खर्च कोणत्याही निविदेत लिहिलेला नसतो.

पैशाची तुलना करताना दुरुस्तीचा या वर्षीचा खर्च आणि नव्या राइडचा बांधकामखर्च समोरासमोर ठेवू नये. दोन्हींचा पंधरा वर्षांचा हिशेब करावा, त्यात नव्याच्या बांधकामाची दोन-तीन बंद वर्षे धरावीत, आणि अशीच राइड जगात दुसरीकडे चालू आहे का, हेही पाहावे. फ्लोरिडातील 'मिस्टर टोड्स वाइल्ड राइड' १९९८ मध्ये लोकांच्या निषेधाला न जुमानता बंद झाली, पण कॅलिफोर्नियात १९५५ पासूनची तिची बहीण अजून चालते. स्प्लॅश माउंटन टोकियोत चालते. कॅरोसेल दुसरे कोठेही नाही. जगातली एकुलती एक वस्तू मोडताना पुराव्याची पातळी अधिक उंच ठेवणे मला आवश्यक वाटते.

पाडायचे ठरले तर

गाभा कोणालाच सांगता येत नसेल, किंवा सांगाडा आणि गाभा दोन्ही संपले असतील, तर पाडावे, आणि मग पूर्णपणे पाडावे. एपकॉटमधल्या 'जर्नी इंटू इमॅजिनेशन'ने याच्या मधली वाट धरली. १९८३ च्या मूळ सफरीत स्वप्ने गोळा करणारा एक दाढीवाला आणि फिगमेंट नावाचा जांभळा ड्रॅगन हेच सर्वस्व होते; १९९९ मध्ये तीच इमारत आणि जवळजवळ तेच नाव ठेवून दाढीवाल्याला काढले गेले आणि ड्रॅगनला नावापुरते उरवले गेले. प्रतिक्रिया इतकी वाईट आली की दोन वर्षांत ती बंद करून २००२ मध्ये ड्रॅगनसह पुन्हा उघडावी लागली. या दुहेरी खर्चात एखादी नवी राइड निम्मी तरी उभी राहिली असती.

बंद करण्याची तारीख काही महिने आधी जाहीर करावी, म्हणजे लोकांना निरोप घेता येतो. त्या काळात प्रत्येक प्रसंगाचे चित्रीकरण, ध्वनीच्या मूळ फिती, यंत्राचे मोजमाप, रंगांचे नमुने आणि जुन्या कर्मचाऱ्यांच्या मुलाखती जमा कराव्यात. हे काम शेवटच्या दिवसानंतर करता येत नाही, कारण तोपर्यंत दिवे काढलेले असतात. काय उचलून पुढे न्यायचे, हेही आधीच ठरवावे. अमेरिका सिंग्ज १९८८ मध्ये संपले तेव्हा त्यातले अनेक यांत्रिक प्राणी पुढच्या वर्षी स्प्लॅश माउंटनमध्ये नव्या गोष्टीत उभे राहिले. मिस्टर टोडच्या जागी आलेल्या राइडमध्ये टोड हा बेडूक आपल्या घराचे कागद नव्या राइडमधल्या घुबडाच्या हाती देतो आहे, असे एक चित्र भिंतीवर आहे. नेदरलँड्समधील एफ्टेलिंग उद्यानाने १९७८ चा भुताचा वाडा २०२२ मध्ये बंद करून पाडला आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये त्या जागी संपूर्ण नवी राइड उघडली, परंतु ज्या संगीतावर जुन्या वाड्यातली भुते नाचत असत, तेच फ्रेंच संगीतकार सें-साँसचे संगीत नव्या वाड्यात ठेवले आणि राइडला नावही त्या रचनेचेच दिले. येथे इमारत, यंत्र आणि बाहुले गेले, गाभा मात्र दुसऱ्या देहात राहिला.

सुधारायचे ठरले तर

काढलेली कोणतीही वस्तू निदान पाच वर्षे फेकू नये. बदल असा करावा की तो उलटवता येईल. एका वेळी एकच प्रसंग हाती घ्यावा आणि राइडच्या एकूण लयीला, म्हणजे दोन प्रसंगांमधल्या शांततेला आणि अंधाराला, शेवटपर्यंत हात लावू नये. नवे संवाद लिहिणाऱ्यांना शांतता रिकामी वाटते, प्रेक्षकाला ती हवी असते. भर घालायची असेल तर ती राइडच्या स्वतःच्या इतिहासातून शोधावी. डिस्नेलँडच्या 'हॉन्टेड मॅन्शन'मध्ये टोपीच्या डब्यात स्वतःचे मस्तक दाखवणारे एक भूत १९६९ मध्ये बसवले होते, पण त्याची युक्ती नीट साधत नसल्याने ते लवकरच काढले गेले. २०१५ मध्ये नव्या तंत्राने ते परत आले. ज्यांनी ते पूर्वी पाहिले होते त्यांना ते परतलेले वाटले, ज्यांनी पाहिले नव्हते त्यांना ते नेहमीच तेथे असावे असे वाटले.

पुन्हा उघडल्यानंतर पहिले काही महिने त्याच दाराशी, तीच वही घेऊन उभे राहावे आणि बाहेर येणाऱ्यांना तोच प्रश्न विचारावा: आत काय झाले? आधीच्या वहीतले पहिले उत्तर आणि आताचे पहिले उत्तर शेजारी ठेवावे. ती दोन्ही जुळत नसतील, तर गुदामातल्या जुन्या पेट्या कोठे ठेवल्या आहेत, ते त्याच संध्याकाळी पाहून घ्यावे.